सात नंबरची ठमी

परवा काय जेवलात ते सांगा बघू… नाही ना आठवत? मग आमची अक्का तरी तुम्हाला कुठून आठवणार! इंदापूरला दिलेली माझी थोरली बहीण. मी सांगतेय, नात आपल्या घरच्या ग्रुपवर टाईप करतेय. मला अक्षर येत नाही.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. लेक पुण्याला कॅन्सरवर संशोधन करायची, म्हणून मी लोणीहून तिच्याकडं राहायला गेले. एकदा तिच्या प्रयोगशाळेत गेले, बघते तर पोरगी उंदराचं पोट भादरतेय! एवढं शिकून शेवटी हजामतच…

मग जेली लावून तिनं सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. पडद्यावर पोटातली गाठ दिसली. पूर्वी गाठ बघायला उंदीर मारावा लागायचा, आता त्याच उंदराची गाठ दर आठवड्याला मोजता येते म्हणाली.

सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या मादीला मी ठमी म्हणू लागले.

"आई, नाव नको गं ठेवू. विकायच्या बोकडाला आपण नाव ठेवतो का?"

पुढच्या आठवड्यात ठमी मजेत मिशा पुसत बसलेली. पडद्यावर मात्र हरभऱ्याएवढी गाठ बोराएवढी झालेली.

"हिला औषध लागू पडंना व्हय?"

"हिला औषध नाहीच. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. त्याशिवाय फरक कसा कळणार?"

"पाण्यावर बरं झालं का कुणी?"

"नाही," म्हणत लेकीनं वहीत आकडा लिहिला.

अक्काच्याही पोटात गाठ होती. आमच्याकडचा एक म्हातारा पाणी मंतरून द्यायचा, आणि दर अमावस्येला ती बाटली इंदापूरला पोचवणारी मीच. "अक्के, तोंडावर तेज आलंय बघ," असं म्हणणारीही मीच…

दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटीनं इंदापूर गाठलं. म्हटलं, चल, सोनोग्राफी करू.

"का गं शांते, म्हाताऱ्याची हीर आटली व्हय?" अक्का हसत म्हणाली.

दवाखान्यात मी पडद्याकडं बघत उभी राहिले. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं… अक्कानं ती दिवाळी बघितली नाही.

आज तिच्या श्राद्धाचा दिवस. गावाकडून कुणी येणार असेल तर हुलग्याची शेंगोळी पाठवा, लसूण सढळ हातानं घालून. आणि दाट करा गं… नुसतं पाणी मी तिला लई पाजलं.