पोर्रोची धार

कॅटलोनियातल्या बेसालूला सगळे जुना दगडी पूल पाहायला येतात. आम्ही नवरा-बायकोनेही सकाळी तो पाहिला आणि दुपारी मागच्या डोंगरात, एका शेतावरच्या खानावळीत जेवायला गेलो. समोर पिरेनीजच्या रांगा उन्हात फिकट निळ्या दिसत होत्या. लांब टेबलाभोवती गावातली काही माणसं होती, एक जर्मन जोडपं होतं. मालकीणबाईंनी मध्ये वाइनने भरलेला, निमुळत्या तोटीचा काचेचा चंबू आणून ठेवला. याला पोर्रो म्हणतात. पेले नसतातच, एकाच पोर्रोतून सगळ्यांनी प्यायचं, फक्त तोंड लावायचं नाही.

जर्मन गृहस्थांनी शर्ट रंगवून घेतला. मी मान मागे टाकली, हात उंच नेला आणि थेंबही सांडला नाही.

“कुठे शिकलात?” मालकीणबाईंनी विचारलं.

“घरीच. भांडं उष्टं होऊ नये म्हणून आम्ही पाणी असंच वरून पितो.”

“बरोबर. मग शेजारच्यालाही त्यातूनच पिता येतं,” असं म्हणत त्यांनी पोर्रो पुढे सरकवला.

मला आमचं अंगण आठवलं. मोळी विकायला येणारा म्हातारा पायरीखाली ओंजळ धरून बसायचा आणि काकू वरून तांब्यातलं पाणी सोडायची, त्याचा हात तांब्याला लागू नये म्हणून. धार एवढीच बारीक असायची. तोही थेंब सांडत नसे.

कुठे शिकलात, असं त्याला कधी कुणी विचारलं नाही.