डीकनसाहेबांच्या बाह्या

ओझेलामावशीबरोबर क्लीव्हलँडात पायी फिरणं म्हणजे शिक्षा. सिग्नल लाल झाला की ती त्याच्याकडे हुशार भाच्याकडे बघावं तशी बघते. "गॅरेट मॉर्गन. याच गावचा. आपला." लिफ्टचं दार मिटलं, "आपला." केर भरायचं सुपलं दिसलं, "तोही आपला." आपला म्हणजे ती वस्तू शोधणारा काळा माणूस. मागे लोकांचा खोळंबा झालेला असतो, पण तिला कसली घाई.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या चर्चमध्ये पोरं पुठ्ठ्याच्या टोप्या घालून काळ्या संशोधकांची सोंगं काढतात. तो कार्यक्रम वर्षानुवर्षं मावशीचा, आणि ती वर्षभर जगते ती त्यावरच. गेल्या साली तिनं शेंगदाण्याचे शेकडो उपयोग शोधणाऱ्या आपल्या माणसाच्या नावावर पीनट बटरसुद्धा चढवलं, ते डीकन गेदर यांनी पकडलं. हे चर्चचे एक कारभारी, आणि आमच्या गायकवृंदाचे प्रमुख. बोलण्याआधी असा घसा खाकरतात, की प्रार्थना सुरू झाली समजून लोक डोळे मिटतात.

यंदा तालमीला ते खाकरले.

"सिस्टर ओझेला, सेरा बूनबाईंनी इस्त्रीचं टेबल शोधलं म्हणता. टेबलं आधीही होती. बाईंनी फक्त अरुंद केलं, जरा बाक दिला."

"फक्त?"

"फक्त. रविवारी उपासनेनंतर सभा आहे. हा कार्यक्रम माझ्याकडे द्या, असं मी मांडणार. पोरांना फुगवून सांगणं बरं नव्हे."

"बरं, ब्रदर," मावशी म्हणाली.

मावशी नुसतं 'बरं' म्हणाली, की आमच्या घरात काचेची भांडी उचलून ठेवतात.

गायकांच्या पांढऱ्या शर्टांना इस्त्री तीच करते. शनिवारी बाकीचे शर्ट तिनं इस्त्रीच्या टेबलावर केले, एकेक बाही त्याच्या निमुळत्या टोकावर चढवून. डीकनसाहेबांचा हातात आला, तसं ते टेबल मिटवून भिंतीला लावलं आणि जेवणाच्या टेबलावर कांबळं पसरलं.

"मावशी, बाही खालून चुरगळतेय."

"चुरगळू दे. फक्त बाहीच आहे."

रविवारी गाणं सुरू व्हायच्या तोंडावर तिनं शर्ट दिला. डीकनसाहेबांनी घाईनं चढवला, लोकांकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. बाह्या पुढून कडक, मागून शिजवलेला पाला. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी हातपंखे तोंडावर धरले. सगळे पंखे थरथरत होते.

गाणं संपल्यावर डीकनसाहेबांनी कोपर वळवून पाहिलं. "सिस्टर, हे काय?"

"काही नाही, ब्रदर. बूनबाईंच्या आधी व्हायच्या तशा झाल्यात."

सभेत ते उठले, खाकरले. सगळ्यांनी डोळे मिटले.

"डोळे उघडा, मी बोलतोय," ते म्हणाले. त्यांनी हात मागे बांधले होते, बाह्या दिसू नयेत म्हणून. "कार्यक्रम सिस्टर ओझेलांकडेच राहावा. 'फक्त' हा शब्द मी मागे घेतो. पण पीनट बटर वगळायचं."

मावशीनं हात पुढे केला.

"वगळते," ती म्हणाली. "शेंगदाणे मात्र सोडणार नाही. आणा तो शर्ट इकडे."