पाहुण्या संघाचे बूट

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मी एका आंतरराष्ट्रीय सामन्याचा बट्ट्याबोळ करता करता राहिले, त्याची गोष्ट सांगतेय!

नवऱ्याच्या नोकरीमागे कोबेत येऊन मला बरीच वर्षं झाली. जपानी शिकले, पण काम काही मिळेना. शेवटी एक अरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम मिळालं, इंग्रजी-जपानी दुभाष्याचं. आशियातल्या बास्केटबॉल क्लबांची स्पर्धा. पहिल्या नव्हे, दुसऱ्या फळीची. पण मंगोलियाहून आलेला क्लब खरा, पगारी खेळाडू खरे आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्रही खरं! "आज नीट पार पडलं तर कायमचं घेऊ," आयोजकांचे सातो-सान म्हणाले होते. मग काय, मी जपानी माणसांपेक्षा जास्त जपानी झाले!

स्टेडियमच्या दारात बस थांबली. एकेक खेळाडू म्हणजे विजेचा खांब. मी वाट अडवून उभी राहिले.

"शूज ऑफ, प्लीज! जपानमध्ये बूट दाराशी काढतात."

"सगळ्यांनी?" त्यांचा कप्तान बातार गोंधळला.

"सगळ्यांनी! आत गेल्यावर दुसरे घाला."

माझ्या लेकीच्या शाळेत बाहेरचे बूट वेगळे, आतले वेगळे. मग एवढ्या मोठ्या खेळाडूंकडे दुसरी जोडी नसेल? तुम्हीच सांगा! दारात पसारा नको म्हणून मी सगळे बूट पिशव्यांत भरून बसमध्ये ठेवले. बस गेली लांबच्या पार्किंगला.

पाहुणे नुसत्या मोज्यांवर आत आलेले बघून यजमान संघ चपापला. त्यांची काही रीत असेल, अपमान नको, म्हणून त्यांनीही गुपचूप बूट काढले. मग पंचांनी काढले. सातो-साननी काढले. मला तर भरूनच आलं. काय ही शिस्त!

"मॅडम," बातार म्हणाला, "आमचे बूट?"

"बॅगेतले घाला की!"

"बॅगेत टॉवेल आहे. खेळायचे बूट घालूनच आलो होतो आम्ही."

संघ वेळेवर मैदानात नसला तर सामना यजमानांना बहाल! आणि माझी नोकरी? मी ड्रायव्हरला फोन लावला. चूक माझी, आणि "माफ करा, माफ करा," करत बस वळवतोय तो!

बस आली. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत सुटले, ती थेट मैदानाच्या मधोमध. शिट्टी वाजायच्या आत बूट पोचले!

सातो-सान जवळ येऊन वाकले. "कुलकर्णी-सान, मंगोलियात बूट काढूनच आत येतात का हो?"

"मंगोलियात? अहो, ही तर तुमची जपानी पद्धत!"

"असं होय..." ते विचारात पडले. "या स्टेडियममध्ये मात्र सगळे बूट घालूनच येतात. फक्त या लाकडी मैदानावर बाहेरचे बूट चालत नाहीत."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, स्लिपरची एक जोडी माझ्यापुढे ठेवली.

मी खाली पाहिलं. चकचकीत मैदान. भोवती सगळे मोज्यांवर. आणि मधोमध, पार्किंगच्या धुळीसकट बूट घालून उभी होते मी!