कमी खाणारा प्रोसेसर

शोभाताईंनी पिशवीतून कॉम्प्युटर काढून टेबलावर ठेवला. गारगोटीजवळच्या त्यांच्या गावातून शाहूपुरीतल्या आमच्या दुकानापर्यंत तो त्यांनी एसटीत मांडीवर धरून आणला होता.

"वीस मिंटं चालतंय आन् गप हुतंय," त्या म्हणाल्या. "आज सकाळी तीनदा गप झालं. बायका कॅन घिऊन रांगेत. जुन्या संस्थेचा माणूस दारात हुबा राहून हसतोय. 'या की परत आमच्याकडं' म्हणतोय. चार दिसात नीट झालं न्हाई तर बायका जातील की. मग संस्थेला कुलूपच."

शोभाताई महिलांच्या दूध संस्थेच्या सेक्रेटरी. जुन्या संस्थेत, दुधाचा भाव जिच्यावर ठरतो ती फॅट वहीत लिहायचे आणि बाईला आकडा कळायचाच नाही. इथे मशीन फॅट मोजायचं, कॉम्प्युटर ती घ्यायचा आणि तिथल्या तिथे स्लिप हातात पडायची. त्या स्लिपच्या विश्वासावर बायका आल्या होत्या.

कॉम्प्युटर जोडला होता मीच. मी चौथी शिकलेली. दुकानात आले झाडलोट करायला. माझी बोटं बारीक, कॉम्प्युटरच्या अरुंद डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, स्क्रू बसवायला बरी पडतात, हे आमच्या मालकांच्या, म्हणजे भाऊंच्या, लक्षात आलं आणि मी असेंब्लीच्या टेबलावर बसले. ही गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची.

डेअरीची फरशी दोन वेळा पाणी मारून धुतात. म्हणून कॉम्प्युटर खाली नको होता. भिंतीतल्या कोनाड्यात मावेल असा, चार बोटं जाडीचा हवा होता. भाऊंनी कोटेशनमध्ये बरोबर लिहिलं होतं, 'लो पॉवर प्रोसेसर'. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधला हिशेब करणारा भाग. बिस्किटाहून लहान असतो. कोटेशन कुणीतरी मराठीत वाचून दाखवलं आणि संस्थेच्या चेअरमन आक्का तडक दुकानात आल्या.

"कमी पावरचा? बाप्यांच्या संस्थंला फुल पावर आन् आमाला कमी? बायका म्हणून व्हय?"

भाऊ हसत म्हणाले, "आक्का, तसं न्हाई ते."

"तसंच हाय. आमाला फुल पावरचाच पायजे."

भाऊंनी वाद घातला नाही. बाजारातला सगळ्यात जोरकस प्रोसेसर घालायला सांगितला. हा तापणार हे मला तेव्हाच दिसत होतं. पण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. मी गप्प बसून जोडला.

आता मी कॅबिनेट उघडलं. कारण सोपं होतं. प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. वीज किती खातो हे वॅटमध्ये सांगतात, बल्बवर लिहिलेलं असतं तसं. हा प्रोसेसर जवळजवळ शंभरच्या बल्बएवढं खायचा. शंभरचा बल्ब डब्यात घालून डबा कोनाड्यात ठेवल्यासारखं झालं होतं. फार तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो. तो बिचारा जीव वाचवत होता.

"मोठा फॅन बसव," भाऊ म्हणाले.

"जागा न्हाई, भाऊ."

"मग कॅबिनेटला भोकं पाड."

"पाणी उडतंय तिथं. आत जाईल."

"मग काय करायचं तूच सांग बाई!"

ते वैतागून म्हणाले होते. पण विचारलं होतं खरं. मी उठले आणि कपाटातून एक बोर्ड काढून आणला. वीतभर लांबरुंद. प्रोसेसर त्याच्यावरच चिकटवलेला, वर फॅन नाही, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. नमुना म्हणून आला होता. स्लो आहे म्हणून कुणी घेत नव्हतं.

"ह्यो? ह्याच्यावर धड गेमसुद्धा चालत न्हाई," भाऊ म्हणाले.

"डेअरीत गेम कोण खेळतंय?"

हे मी बोलून गेले होते. शोभाताई खुदकन हसल्या. भाऊंनी बोर्ड हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"लाव," ते म्हणाले.

डेअरीचं काम किती? सभासदाचा नंबर, लिटर, फॅट, स्लिप. मी त्यांचा प्रोग्राम आधी जुन्या प्रोसेसरवर चालवला, मग नव्या बोर्डावर. स्लिप यायला दोन्हीकडे सारखाच वेळ लागला. हळू होता तो प्रिंटर. नवा प्रोसेसर सात वॅटचा. देवघरात जो झिरोचा बल्ब लावतात, तोसुद्धा याच्याहून जास्त खातो. दुपारपर्यंत झाकण लावून चालू ठेवला. मग त्या पट्ट्यांवर तळहात ठेवला. तान्ह्या बाळाच्या कपाळाएवढ्या कोमट. आवाज शून्य. एवढासा तुकडा, एवढ्याशा विजेवर गावभराच्या दुधाचा हिशेब करत होता. मी हात काढायचं विसरले.

राहिल्या आक्का. दुसऱ्या दिवशी त्या आल्या. भाऊंनी "आता लो पॉवरचा" म्हणताच त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी बोर्ड त्यांच्यापुढं सरकवला. आणि विचारलं.

"आक्का, तुमच्या म्हशी कुठल्या?"

"पंढरपुरी. दोन हायत. का गं?"

"मुऱ्हा का न्हाई घेतली?"

"आगं, तिला वैरण कोण पुरवणार? आन् आमच्या गोठ्यात ती मावणार कुठं? पंढरपुरी कमी खाती, ऊन सोसती आन् आमाला पुरंल एवढं दूध देती."

"आधीचा मुऱ्हा हुता आक्का. त्यो आपण कोनाड्यात बांधला. ह्यो पंढरपुरी हाय."

आक्कांनी बोर्डावरच्या पट्ट्यांना बोट लावून बघितलं. मग भाऊंवर कडाडल्या, "मग आदी सांगायचं की! कमी पावरचा काय म्हंतासा? कमी खाणारा म्हणा!"

मी स्वतः बसवायला गेले. सकाळी साडेसहाला दूध सुरू झालं. सातला लोडशेडिंग. पंखा थांबला. मशीन आणि कॉम्प्युटर ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर गेले. आधीच्या प्रोसेसरनं ही बॅटरी अर्ध्या तासात रिकामी केली असती. रांगेतल्या बायका माना उंच करून बघू लागल्या. सगळ्यांचे डोळे कोनाड्याकडे. प्रिंटरनं करकर करत स्लिप काढली. मग दुसरी. मग तिसरी. शेवटच्या बाईचा कॅन रिकामा झाला तेव्हा आठ वाजून गेले होते, वीज अजून आली नव्हती आणि कॉम्प्युटर चालूच होता.

 शोभाताईंनी मला चहाच्या कपाऐवजी पेलाभर निरसं दूध दिलं.

रांगेतली एकही बाई संस्था सोडून गेली नाही. मी मात्र तेव्हापासून एक शिकले. गिऱ्हाईकाला केवढा जोर पाहिजे हे मागाहून बघावं. कॉम्प्युटर ठेवणार कुठं, हे आधी विचारावं.