आठांची वही

मामांना सख्खा भाचा एकच, आणि तोही परगावी. पण वैद्यकीय कॉलेजच्या चार मजल्यांवर त्यांना मामा न म्हणणारा माणूस शोधूनही सापडला नसता. कॉलेजच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीपलीकडे प्राणीघर होतं आणि तिथल्या पांढऱ्या उंदरांची पैदास मामांकडे होती. नर-मादीची जोडी लावायची, एकवीस-बावीस दिवस मोजायचे, पिल्लं झाली की वाढवायची आणि वयात आली की वरच्या मजल्यावर प्रयोगाला पाठवायची. तेहतीस वर्षं हेच काम. कुणी पाहुण्याने विचारलं, "काय करता?", तर मामा घसा खाकरून म्हणत, "संशोधनात आहे." मामी लगेच पुरवणी जोडत, "उंदरांची बाळंतपणं करतात."

मामींचा या नोकरीवर राग नव्हता, फक्त तिचा वास त्यांना घरात नको होता. संध्याकाळी मामा आले की दारातच टॉवेल हातात मिळे. "आधी आंघोळ, मग संसार." आणि एक जुनं दुखणंही होतं. थोरल्या मुलीच्या जन्माच्या दिवशी मामा दवाखान्यात दोन तास उशिरा पोचले, कारण त्याच सकाळी तीन माद्या व्याल्या होत्या. "मुलीचं तोंड बघायच्या आधी मला सांगतात काय, तर तिघी सुखरूप सुटल्या!" हे मामी अजून सांगतात. मामा ते ऐकून मान खाली घालतात, कारण त्यात एक अक्षरही वाढीव नाही.

पिंजऱ्यांवर नंबरांच्या पाट्या होत्या, पण मामांचं नंबरांवाचून काही अडत नसे. चिडकी, नकटी, थोरली, रडूबाई अशी त्यांची आपली हजेरी होती. मादी तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केली की पोटात किती आहेत हे ते सांगत, आणि एखाद-दुसऱ्या पिल्लाचा फरक सोडला तर कधी चुकत नसत.

आता प्राणीघराचा अकरा वर्षांपूर्वी आलेला एक नियम होता आणि सगळी भानगड त्या नियमात होती. एका मादीजवळ आठच पिल्लं ठेवायची. जास्त असली की दूध वाटलं जातं, पिल्लं लहानमोठी होतात आणि प्रयोगाचे आकडे बिघडतात. म्हणून पहिल्याच दिवशी आठ ठेवायची आणि वरची नष्ट करायची. नोंदवहीत त्यासाठी तीन रकाने आखलेले होते: जन्मलेली, ठेवलेली, नष्ट केलेली.

मामांना हा तिसरा रकाना भरता येत नसे. वयात आल्यावर वरच्या मजल्यावर पिल्लांचं पुढे काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तेहतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ पिंजरे वर पोचवले होते आणि रिकामे खाली आणले होते. पण ते म्हणत, दारात आलेल्याला निदान पाणी तरी विचारावं. आल्या पावली काय परत पाठवायचं?

तेव्हा त्यांनी वेगळी वाट काढली. एखादी मादी बारा व्याली की त्याच दिवसांत तीन-चारवर भागलेली दुसरी कुणीतरी असेच. मामा तिला काकडीचा तुकडा देऊन बाजूला बसवत. तिच्याच घरट्यातला ओलसर भुसा घेऊन पाहुण्या पिल्लांना हलक्या हाताने चोळत, म्हणजे वास तिचाच लागे. मग सगळी एकत्र मिसळायची आणि बाईसाहेबांना परत आत सोडायचं. ती एकदा हुंगे, दोनदा हुंगे आणि सगळ्यांना पोटाखाली ओढून घेई. "माय मरो, मावशी जगो," असं मामा पुटपुटत आणि वहीत दोघींच्याही नावापुढे लिहीत: जन्मलेली आठ, ठेवलेली आठ, नष्ट शून्य.

असं अकरा वर्षं चाललं. वही कुणी वाचत नसे, फक्त सही करत. मामांचं अक्षर सुरेख. आठाचे आकडे तर असे काढलेले, की पानावर मण्यांच्या माळा सोडल्यासारखे दिसावेत.

आणि मग नव्या मॅडम आल्या.

मॅडम मामांच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. आल्या त्या आठवड्यातच त्यांनी वही मागितली. मामांना वाटलं, सही करतील आणि देतील. मॅडमनी ती वाचली. एका बैठकीत, पहिल्या पानापासून. वाचून झाल्यावर त्या वहीसकट थेट मोठ्या साहेबांकडे गेल्या.

मोठे साहेब विभागाचे प्रमुख. आयुष्यभरात आपल्या नावाने काही शोध लागला नाही, ही त्यांची खंत सगळ्या विभागाला पाठ होती. वहीतला चमत्कार ऐकून ते खुर्चीतून अर्धे उठले. अकरा वर्षं, शेकडो वेतं, आणि प्रत्येक मादी बरोबर आठ व्यालेली! सात नाहीत, नऊ नाहीत! जगात अशी जात कुठे नसेल. "आपल्याकडे आपोआप तयार झाली," साहेब म्हणाले, आणि तिला कुणाचं नाव द्यावं याचा विचार करू लागले. तो विचार फार लांब जायचं कारण नव्हतं. परिषदेसाठी नवा कोट शिवायला टाकल्याची बातमी दुपारच्या चहापर्यंत तळमजल्यावर आली.

मॅडम मात्र इतक्या खूश नव्हत्या. "सर, एकदा डोळ्यांनी बघू. एक बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"बघू की! मामा, लवकरात लवकर कोण?"

मामांनी प्रसंगावधान राखून नकटीचा पिंजरा पुढे केला. नकटी लहानखुरी, हातावर घेतलेली. फार तर आठ, कदाचित सात.

"असं निवडून नाही चालणार मामा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दिवस भरलेल्या सहाही माद्यांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहिले, काचेच्या पेल्यात टाकले आणि एक उचलली. चिठ्ठी निघाली गादीची. तिला मामांनी हे नाव उगीच दिलं नव्हतं. गेले चार दिवस ती चालत नव्हती, सरपटत होती. मामांनी तिला तळहातावर घेतलं होतं तेव्हा दुसरा हात खाली लावावा लागला होता.

त्या संध्याकाळी मामा आंघोळ करून आले तरी तोंड उतरलेलंच होतं. मामींनी चार प्रश्नांत सगळं काढून घेतलं.

"अकरा वर्षं नुसते आठ?" त्या म्हणाल्या. "अहो, खोटं लिहायचं तर थोडं वाकडंतिकडं लिहावं माणसानं. कुठे सात, कुठे दहा. सगळीकडे आठ कोण लिहितं?"

"नियम आठाचा होता."

"धन्य आहे. खोटंसुद्धा नियमाने!" मग मामींचा आवाज जरा उतरला. "आणि आता त्या जास्तीच्या पिल्लांचं काय?"

"साहेब समोर असणार. त्यांच्यादेखत कशी हलवू? मलाच..." मामांनी वाक्य पुरं केलं नाही. ताटात वाढलेलंही पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गादीने घरटं उकरायला घेतलं. निरोप गेला. साहेब लाल टाय लावून आले. पिंजऱ्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, मॅडम वही उघडून बसल्या, मामा भिंतीला टेकून उभे राहिले.

दहा वाजून वीस मिनिटांनी पहिलं आलं. करंगळीच्या पेराएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं. गादीने ते चाटून बाजूला सारलं. मग दुसरं. तिसरं. साहेब मोठ्याने मोजत होते. सातव्याला ते खुर्चीच्या कडेवर आले आणि आठव्याला टाळी वाजवली. गादी दचकली.

"आठ! बघा मॅडम, आठ! झालं की नाही?"

"चला साहेब," मामा घाईघाईने पुढे झाले आणि पिंजऱ्यावर फडकं ओढू लागले. "बाळंतिणीला आता आराम हवा."

"थांबा मामा," मॅडम म्हणाल्या. "पोट अजून हलतंय तिचं."

"वायू असेल," मामा म्हणाले.

वायूला शेपूट होतं, आणि तेही टोकाला जरासं वाकडं. नववं पिल्लू बाकीच्यांपेक्षा बारीक होतं, पण आल्या आल्या त्याने असं काही तोंड उघडलं की साहेबसुद्धा वाकून बघू लागले.

"हा अपवाद," साहेब म्हणाले.

दहाव्याला ते म्हणाले की अपवाद दोन असू शकतात. बाराव्याला त्यांनी टाय सैल केला. पंधराव्याला शिपाई शिंप्याचा निरोप घेऊन आला, कोटाला खिसे किती ठेवायचे. त्याच्याकडे साहेबांनी असं पाहिलं की तो उत्तर न घेताच गेला. सतरा झाल्यावर गादी थांबली आणि शांतपणे स्वतःचे पाय चाटू लागली.



"म्हणजे ही मादी त्या जातीची नाहीच," साहेब शेवटी म्हणाले. "भेसळ झालीय कुठेतरी. ठीक आहे. नियमाप्रमाणे करा मामा. आठ ठेवा, नऊ नष्ट. नोंद करा." आणि ते उठले.

आता गप्प राहिले असते तर मामा सुटले असते. साहेबांची जात शाबूत राहिली असती, दोन वर्षांवर आलेली पेन्शन शाबूत राहिली असती. फक्त ती नऊ राहिली नसती. मामांनी पेन हातात घेतलं, तिसऱ्या रकान्यापाशी नेलं आणि परत खिशाला लावलं.

"साहेब, भेसळ नाही. जातही नाही. मीच लिहिलंय सगळीकडे आठ."

"सगळीकडे?"

"अकरा वर्षं. कुणी पाच व्याली, कुणी तेरा. मी इकडची तिकडे केली. मारलं एकही नाही."

साहेबांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. मॅडमनी विचारलं, "पण का, मामा?"

मामांनी आजवर हे फक्त मामींना सांगितलं होतं. ते पिंजऱ्याकडे बघत बोलले. "मी नववा आहे, मॅडम. आईला आठ झाली, मग मी झालो. तोवर तिच्या अंगावर दूधच उरलं नव्हतं. चुलती त्याच आठवड्यात बाळंत झालेली. तिने लेकीला एका बाजूला घेतलं आणि मला दुसऱ्या. वर्षभर पाजलं. कुणी विचारलं तर म्हणायची, दोन आहेत मला, एक रिकामं कशाला ठेवू?" मामांनी नाक पुसलं. "हिला तर बारा आचळं आहेत, साहेब."

साहेबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि छताकडे पाहिलं. त्यांचा कोट गेला होता, जात गेली होती, आणि समोरचा माणूस अकरा वर्षं खोटं लिहून वर रडत होता. अशा वेळी नक्की कशावर चिडावं, हे त्यांना ठरवता येईना. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"सर," मॅडम म्हणाल्या, "मला सतराही हवीत. गर्दीतलं पिल्लू कसं वाढतं, दुसरीच्या दुधावर कसं वाढतं, याचे आपल्याकडे आकडेच नाहीत. सगळे मामांनी बुडवलेत. ते आता त्यांनीच भरून द्यावेत, ही त्यांना शिक्षा."

"लेखी द्या," साहेब म्हणाले आणि निघून गेले. मामांना संध्याकाळी मेमो आला तो आलाच. खोट्या नोंदींबद्दल कडक शब्दांत. मामांनी सही करून घेतला.

पण ते संध्याकाळी. तोवर दुपारभर दोघं कामात होती. काल रडूबाई चार व्याली होती, पहाटे चिडकी पाच. मॅडमनी हातमोजे घातले आणि मामांकडून भुसा चोळायला शिकून घेतलं, पहिल्यांदा इतका हलका हात लावला की मामा म्हणाले, "अहो, बाळ आहे, पापड नाही." रडूबाईकडे चार गेली, चिडकीकडे तीन. उरलेली दहा गादीजवळ राहिली. मग मामांनी वही उघडली आणि जन्मलेल्यांच्या रकान्यात सतरा लिहिलं. अकरा वर्षांत हाताला सवय नव्हती. सातावर शाई सांडली.

"ते वाकड्या शेपटीचं कुठेय?" मॅडमनी विचारलं.

मामांनी न शोधता रडूबाईच्या पिंजऱ्यात बोट दाखवलं. ती तोंड फिरवून बसली होती. एकदा हुंगलं, दूर गेली. परत आली, परत हुंगलं. मामा खुर्ची ओढून बसले. मॅडमच्या तासाची वेळ झाली, त्या गेल्या. बॉयलरवाला घरी गेला. नव्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की प्यालेलं दूध बाहेरून दिसतं, पोटावर पांढरा पट्टा उमटतो. मामा त्याचीच वाट बघत होते.

घरी पोचायला त्यांना दोन तास उशीर झाला. मामी टॉवेल घेऊन दारातच उभ्या होत्या, तोंडावर "आधी आंघोळ" तयार होतं.

"नववा प्याला," मामा उंबऱ्याबाहेरून म्हणाले.

मामींनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्यांना तसंच घरात घेतलं.