नारायणरावांचे निजलेले बेडूक

धारच्या शाळेत शिकवणारा शहाणासुरता माणूस तिन्हीसांजेला स्वतःच्याच विहिरीत कंदील सोडून काठावर पालथा पडतो, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, असं आळीचं मत होतं. आळीला मत बनवायला फारसा वेळ लागत नसे. नारायणरावांच्या अंगाला स्पिरिटचा वास येई, तेव्हा ते चोरून पितात हेही ठरून गेलं होतं.

खरं एवढंच, की नारायणराव बेडकांचा अभ्यास करत. माळव्यातले बेडूक स्पिरिटच्या बाटल्यांत घालून ते कलकत्त्याच्या एका साहेबाला धाडत. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या दुर्गाबाईंनी फडताळ उघडलं आणि त्या किंचाळल्याच. "अहो, मेलेली जनावरं, तीही देवघराला लागून?" रामायण टाळायला नारायणराव म्हणाले, "मेलेत कुठे? निजलेत. उन्हाळ्यात मातीखाली निजतात ना, तसे." भेगाळलेल्या जमिनीतून पावसात उठणारे बेडूक दुर्गाबाईंनी माहेरी, देवासला पाहिले होते. त्यांना पटलं. तरी फडताळापाशी जाताना त्या पदर नाकाला लावत.

पुढे घरच्या विहिरीतच नारायणरावांना एक वेगळा बेडूक सापडला. बोटाच्या पेराएवढा, पोटाला पिवळा. आसपासच्या दुसऱ्या कुठल्याही विहिरीत तो नव्हता. साहेबाने लिहिलं, आणखी पाठवा. नारायणरावांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं. होते तेच थोडे. पाठवले तर मागे काय राहणार?

त्या साली आषाढ कोरडा गेला. संवत १९५६ चा, छप्पन्याचा दुष्काळ भोगलेली माणसं आभाळापेक्षा एकमेकांकडेच संशयाने बघू लागली. शेवटी धोंडी काढायचं ठरलं. मुसळाला जिवंत बेडूक बांधून दारोदार फिरवायचा आणि त्यावर पाणी ओतायचं. पण बेडूक उरले होते फक्त नारायणरावांच्या विहिरीतल्या डबक्यात. बायका मागायला आल्या. नारायणरावांनी साफ नकार दिला आणि ते शाळेत निघून गेले.

शेजारची अक्का हलेना. "वहिनी, बुरा नका मानू, पण बेडूक कोंडले की पाऊस कोंडतो. मास्तरांनी बाटल्यांत काय भरून ठेवलंय, सबको मालूम आहे."

दुर्गाबाई संतापल्या. नवऱ्याला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. आणि खरं सांगायचं तर शंका त्यांच्याही मनात होतीच.

"कोंडलेले नाहीत, निजलेत. आत्ता उठवते," म्हणत त्यांनी एकेक बाटली आणून विहिरीत रिकामी केली.

नारायणराव परतले तेव्हा डबक्याला स्पिरिटचा भपकारा येत होता. बाटल्यांतले पांढुरके बेडूक वर आले होते, आणि त्यांच्यात पिवळ्या पोटाचेही सगळे उलटे तरंगत होते. नारायणराव काठावर बसून रडले.

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, निजलेत म्हणून?" दुर्गाबाईंनी विचारलं.

त्याच आठवड्यात पाऊस झाला, आणि बाटल्या उघडल्या म्हणूनच झाला, हे अक्काने आळीभर सांगितलं.

त्यानंतर नारायणरावांनी एकही बेडूक बाटलीत घातला नाही. दर सुट्टीत ते बागली, कन्नौद, अमझेऱ्यापर्यंत विहिरींत डोकावत फिरले. पिवळ्या पोटाचा पुन्हा दिसला नाही. लोक म्हणत, "भिया, हा मास्तर डोकावला की विहीर आटते."

म्हातारपणी ते अंथरुणाला खिळले. "जरा निजतो," म्हणून त्यांनी डोळे मिटले, की दुर्गाबाई हातातलं काम टाकून येत आणि त्यांच्या नाकापुढे हात धरून बसत. नवऱ्याच्या तोंडच्या त्या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.