फणसाच्या सालीवरची अक्षरं

माझ्या प्रबंधात आभाराचं एक पान आहे. त्यात मार्गदर्शक आहेत, विभागप्रमुख आहेत, सूक्ष्मदर्शक वेळेवर मोकळा करून देणारे प्रयोगशाळेतले मामाही आहेत. काकीला त्या पानावर एका ओळीत बसवणं मला तेव्हा जमलं नाही, ते आता करते आहे.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते आणि आम्ही साताऱ्याकडून येऊन तिथल्याच जवळच्या बोनकोडे गावात भाड्याने राहत होतो. काकी आमची घरमालकीण. मी पीएच.डी. करत होते ती शैवाकांवर. शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. मसाल्यातलं दगडफूल त्यातलंच. पण दगडफूल निदान उचलून हातात तरी घेता येतं. माझी प्रजाती झाडाच्या सालीला पापुद्र्यासारखी घट्ट चिकटलेली, राखाडी डागावर बारीक काळ्या रेघोट्या. पोरगी शिकून शिकून झाडाचे डाग बघत फिरते, असं आई शेजारणींना सांगायची.

या रेघोट्यांच्या आत बीजाणू पिकतात आणि त्या काळी सगळी वर्गवारी त्यांच्यावरच चाले. बीजाणू रंगहीन की तपकिरी, त्यात नुसत्या आडव्या भिंती की उभ्याही, यावरून प्रजाती ठरायची. ते पिकलेले नसतील तर तुमचा डाग हा नुसता डाग. कोणती जात कुठवर पसरली आहे, हा माझा शेवटचा अध्याय होता आणि खाडीकाठाची नोंद त्यात एकाच झाडाच्या भरवशावर होती. ते झाड म्हणजे काकीच्या परसातला फणस. पावसाळ्यात काढलेला त्याच्या सालीचा तुकडा कच्चा निघाला होता. दिवाळीनंतर पुन्हा काढायचा असं ठरवून मी गावी गेले.

परत आले तर फणसाचं खोड डोक्याएवढ्या उंचीपर्यंत लख्ख, वर चुना आणि खाली गेरूचा पट्टा. गावदेवीच्या जत्रेआधी इथे झाडं अशी रंगवतात. काकीने त्याआधी काथ्याने घासघासून सालही साफ केली होती.

"रोज भिंग लावून बगायचीस, मना वाटला झाडाला खरूज झाली हाय," ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "म्हटला, पोरीचा काम हलका करू."

मी तिला नको नको ते बोलले. माझ्या रागाला तेव्हा लगाम नव्हता, आताही फारसा नाही. माझी वर्षं पाण्यात गेली, असंही ओरडले. खरं तर वाया जाणार होता तो एक अध्याय, पण रागात हिशेब कोण करतो? मग काय घासून टाकलं ते तिला कळावं म्हणून कपाटातला तो कच्चा तुकडा आणला आणि भिंग तिच्या हातात कोंबलं.

काकीने भिंग डोळ्याला लावलं.

"ही तर सटवाईची अक्षरं," ती म्हणाली. "माझे माहेरचे फणसावं हायेत. आमी पोरी त्यावं आपला नशीब वाचायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी साडी नेसून दारात उभी होती. आदल्या दिवशीच्या माझ्या बोलण्याबद्दल तिने अवाक्षरही काढलं नाही. बसने आम्ही ऐरोलीच्या पुढे उतरलो आणि खाडीच्या बाजूला चालू लागलो. वाटेतली झाडं मी थांबून थांबून तपासत होते, तशी ती म्हणाली, "रस्त्याचे झाडांवं नको बगू, धूळ हाय तिथं. सावली पायजे, आनि खाडीचा वारा." माझ्या अध्यायाचं सार तिने चालता चालता सांगून टाकलं होतं. ते लिहायला मला पुढे सतरा पानं लागली.

तिच्या भावाच्या घरामागे तो फणस होता. घर पाडून तिथे इमारत उठणार होती, झाडाचेही दिवस भरलेले. खोडाच्या सावलीकडच्या बाजूला हातभर जागेत राखाडी डाग आणि त्यावर ठसठशीत काळी अक्षरं. काकीने आधी खोडाला हात लावून नमस्कार केला, मग मला म्हणाली, "काढ आता." मी सुरीने सालीचे चार पातळ तुकडे काढले.

दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसले. पिकलेले, काचेसारखे, आडव्या भिंतींचे. मला रडू आलं. काकीने त्या दिवशी मला झिडकारलं असतं तर ते तिला शोभलं असतं. तिने तसं केलं नाही, याचं मोल मला वय वाढतं तसं जास्त कळतं.

नमुन्याच्या पाकिटावर झाड, ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचं नाव लिहावं लागतं. मी पाकीट घेऊन तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "हे तुम्ही शोधलंत, इथे तुमचं नाव हवं."

तिने विचार केला. मग माहेरचं नाव सांगितलं. लग्नात सासरच्यांनी तांदळात दुसरं नाव लिहिलं, तेव्हापासून हे कुणाच्या तोंडी नव्हतं. रेशनकार्डावरही नव्हतं.

मी ते सावकाश लिहिलं. बरोबर आहे का बघावं म्हणून मोठ्याने वाचलं.

काकी "ओ" म्हणाली.